खांदेपालट

झोप येत नाही असं नुसतं म्हणा, जगातला प्रत्येक माणूस डॉक्टर होतो. कोणी म्हणतं कोमट दूध घे, कोणी म्हणतं तळपायाला तेल चोळ, कोणी म्हणतं शंभरापासून उलटे आकडे मोज. आमच्या मावशीने तर फोनवर म्हणच ऐकवली, "अगं, भुकेला कोंडा नि निजेला धोंडा. दमलीस की लागेल आपोआप." मी म्हटलं, मावशी, धोंडा पाठव, उशाला घेते, पण आणखी दमायचं कसं तेवढं सांग. तिने फोन ठेवला. माझ्याशी बोलताना बरेच जण ठेवतात.

"गोळी घे" हे मात्र सगळ्यांचंच म्हणणं होतं. आणि गोळी मी घेणार नव्हते. का, ते सांगते.

मी बाटल्यांच्या कारखान्यात कायम रात्रपाळीला असते. रात्री साहेब लोक कमी, म्हणजे कटकट कमी, म्हणून मीच मागून घेतलेली पाळी आहे. माझं काम उजेडावर. दुधी काचेची एक मोठी चौकट, तिच्यामागे दिवे, आणि चौकटीपुढून पट्ट्यावर सरकत जाणाऱ्या बाटल्या. त्यांच्याकडे बघत राहायचं. एखादीत बुडबुडा असतो, एखादीच्या गळ्याला केसाएवढा तडा असतो, एखादीच्या आत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत काचेचा बारीक धागा लटकत असतो. तो धागा तुटून औषधात पडला आणि कुणाच्या पोटात गेला तर काय होईल, ते सांगायला नको. दिसली की उचलायची. बस्स, एवढंच काम. पण त्या खुर्चीवर बसायला नजर लागते, आणि माझ्यासारखी नजर त्या कारखान्यात दुसऱ्या कुणाची नाही. यात बढाई काही नाही, आहे ते आहे.

आता त्या खुर्चीची एक गंमत. उजेडाकडे फार वेळ बघत राहिलं की डोळा उघडा राहतो पण बघायचा थांबतो. म्हणून मधूनमधून माणूस बदलावा लागतो. पट्टा तर थांबत नाही, त्यामुळे खुर्ची क्षणभरही रिकामी ठेवायची नाही. मग बदली येणारी बाई मागून येऊन खांद्यावर हात ठेवते. हात पडला की बसलेलीने डावीकडून उठायचं आणि आलेलीने उजवीकडून बसायचं. बोलायचं नाही, एकमेकींकडे बघायचं नाही, नजर बाटल्यांवरच. हात पडल्याशिवाय उठायचं नाही, मग छप्पर का कोसळेना. आणि हात पडल्यावर बसून राहायचं नाही. याला आम्ही खांदेपालट म्हणतो. मंत्र्यांची असते त्यापेक्षा आमची फार शिस्तीत होते. माझ्या बदलीला चिमणी असते. नाव काही वेगळंच आहे, पण आवाजामुळे सगळे चिमणीच म्हणतात.

तर यंदा माझी झोप गेली. कारण काही नाही. इतकी वर्षं सकाळी घरी येऊन ढाराढूर झोपत होते, आणि एक दिवस डोळ्याला डोळा लागेना. मग दुसऱ्या दिवशीही नाही. उजेडावर बसलं की बाटल्यांना दुहेरी कडा दिसायला लागल्या. माझ्या हातून दोन तडकलेल्या बाटल्या पुढे गेल्या, नशिबाने पॅकिंगमध्ये सापडल्या.

कारखान्याच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "काही महिने घ्या. तोवर पॅकिंगला बसा. गोळी चालू असताना उजेडावर बसता येत नाही, नियमच आहे."

"मग गोळी नको," मी म्हटलं.

"अहो, पण झोप?"

"झोप माझी आहे. मी बघते काय करायचं ते."

साहेबांना मी आवडत नाही, पण माझे डोळे आवडतात. त्यांनी महिन्याभराची सवड दिली. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी चांगल्या बाटल्यांत वाईट बाटल्या मिसळून सोडणार. एक जरी निसटली, तर मी कायमची पॅकिंगला. तिथे खोकी चिकटवायची, पट्ट्या ओढायच्या. वाईट काम नाही ते. पण मी उजेडावरची बाई आहे, आणि माझी खुर्ची मी कुणाच्या बापाला देणार नव्हते.

बिनगोळीची झोप शिकवणारी एक बाई आहे असं कळलं. तिला मी मनातल्या मनात झोपबाई म्हणायचे. गोड बोलायची, इतकं हळू की तिच्यासमोरच पेंग यायची, पण घरी आलं की पुन्हा टक्क जागी. तिने नियम दिले. खिडकीला काळे पडदे. घड्याळ भिंतीकडे तोंड करून. रोज एकाच वेळी उठायचं, झोप झालेली असो वा नसो. आणि मुख्य नियम पलंगाचा.

"पलंगावर झोपेशिवाय काहीही करायचं नाही," ती म्हणाली. "वाचायचं नाही, फोन बघायचा नाही, तळमळत पडायचं तर मुळीच नाही. झोप येत नाही असं वाटलं की उठायचं, दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचं. डोळे मिटायला लागले की मगच परत यायचं. पलंगाला एकच गोष्ट ठाऊक असली पाहिजे. हळूहळू तो झोपायला शिकतो."

"पलंग शिकतो?"

"म्हणजे तुम्ही शिकता." ती हसली. "आमची बोलायची रीत आहे ती."

मी नियम पाळायला बसले की जिवावर उदार होऊन पाळते. सकाळी आले की आंघोळ, पडदे, पलंग. झोप नाही आली की उठून स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर. तिथे कपड्यांच्या घड्या घालायच्या, त्या मोडायच्या, पुन्हा घालायच्या. खाली शाळेची घंटा व्हायची, समोरच्या इमारतीत कुणीतरी भिंतीला भोकं पाडत असायचं. सगळं जग कामाला लागलेलं, आणि मी घड्या घालतेय. मग परत पलंग. मग परत खुर्ची. पहिला आठवडा असाच गेला.

दुसऱ्या आठवड्यात एकदा मी खुर्चीवरून परत येऊन आडवी झाले, तर गादी गरम होती.

नुसती कोमट नव्हे. अंगाची ऊब असते तशी, पाठीपासून गुडघ्यापर्यंत. मी चांगली तासभर बाहेर होते. मी कारखान्यातली बाई, कुठे काही गरम लागलं की आधी भट्टी शोधते. भिंतीला हात लावला, गार. पलंगाखाली बघितलं, तिथून काही नळ जात नव्हता. पडदे बंद होते, ऊन आत येत नव्हतं. शेवटी म्हटलं, असेल काही. उशीत खळगा पडला होता, तो मी थोपटून सारखा केला आणि पडून राहिले. झोप अर्थातच आली नाही.

दोनचार दिवसांनी जिन्यात शेजारचे मास्तर भेटले. त्यांची नि माझी भिंत एकच.

"तुमची तब्येत सुधारली म्हणायची," ते म्हणाले. "काल दुपारी काय घोरत होता हो! मी वाचायला बसलो होतो, शेवटी पुस्तक मिटलं."

"मी नाही घोरत."

"सगळे असंच म्हणतात. आमची ही पण म्हणायची." ते जिना उतरून गेले.

काल दुपारी मी झोपबाईकडे गेले होते. घरात कुणी नव्हतं. मास्तरांचे कान गेले असतील, असं मी ठरवून टाकलं. वय झालं की ऐकू येत नाही, तसं नको ते ऐकूही येत असेल.

पण धाकटीचे कान शाबूत आहेत. धाकटी म्हणजे माझी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहते. तिच्याकडे माझ्या घराची किल्ली असते, कारण मी माझी हरवते. एका दुपारी मी चष्म्याच्या दुकानातून परत आले, तर स्वयंपाकघरात तिने आणून ठेवलेला डबा. मी तिला फोन केला, "अगं, येणार होतीस तर सांगायचं ना. मी बाहेर होते."

"कधी?"

"आत्ता. तू आलीस तेव्हा."

"ताई, झोप अजून उतरली नाही वाटतं तुझी. आत झोपली होतीस की. मी हाकही मारली नाही, म्हटलं बिचारीला लागलीय तर लागू दे. चादर घसरली होती, ती वर ओढली आणि आले."

मी वळून आतल्या खोलीकडे बघितलं.

"ताई?"

"चेहरा बघितलास?"

"भिंतीकडे तोंड होतं. का गं?"

"काही नाही. डबा चांगला झालाय," मी म्हटलं. डबा मी उघडलाही नव्हता.

आत जाऊन बघितलं. पलंग रिकामा होता. चादर मात्र वरपर्यंत ओढलेली होती, धाकटी ओढते तशी, कडेला दुमडून.

भीती वाटली. का नाही वाटणार? पण भीतीपेक्षा जास्त संताप आला. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, असं ऐकलं होतं, पण इथे ओसरी दिली तरी कुणी होती? मी इतके दिवस डोळ्यांत तेल घालून नियम पाळतेय, पलंगाला झोपायला शिकवतेय, आणि शिकलेल्या पलंगावर झोपायला दुसरंच कोणी! मी कुलूप बदललं. धाकटी म्हणाली, "गोळी घे आणि माझ्याकडे राहायला ये." मी म्हटलं, "का म्हणून? घर सोडायचं तर त्याने सोडावं." तिने "कोणी?" असं विचारलं नाही. तिला वाटलं मी चिडून काहीबाही बोलतेय.

झोपबाईला सांगितलं. "फार दिवस झोप नसली की माणसाला काहीही वाटू शकतं," ती म्हणाली. "पण नियम सोडू नका. आता सोडलात तर सगळी मेहनत वाया जाईल."

"सोडणार नाहीच," मी म्हटलं.

शुक्रवार आला. रात्रीच्या पाळीला साहेब स्वतः येऊन बाटल्या मिसळणार होते. मी सकाळी घरी आले, आंघोळ केली, पडले. झोप नाही. उठले. निळा गाऊन अंगात, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर, मांडीवर घड्या. बाहेर लख्ख दुपार. भिंतीला भोकं पाडणारा जेवायला गेला असावा, कारण एकदम शांत झालं.

आणि आतून श्वास ऐकू आला.

लांब, जड, तृप्त श्वास. मध्ये थांबायचा, मग बारीक घोरणं, मग पुन्हा लांब.

मी घडी खाली ठेवली. खरं सांगते, त्या श्वासाचा मला इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. किती दिवसांत मी असा श्वास घेतला नव्हता.

दार लोटलेलं होतं. ढकललं.

पडद्याच्या फटीतून उन्हाची एक रेघ पलंगावर पडली होती. भिंतीकडे तोंड करून कोणीतरी झोपलं होतं. चादर कमरेपर्यंत. केस माझ्यासारखे. अंगात निळा गाऊन, काखेत उसवलेला. मी माझ्या काखेत बोट घातलं. तिथेही उसवलेलं होतं.

"उठ," मी म्हटलं.

श्वास चालूच.

"माझी झोप आहे ती. उठ!"

काही नाही.

मग मी विचार केला नाही. विचार केला असता तर पळाले असते. हातच पुढे गेला, वर्षानुवर्षं जातो तसा. मी मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला.

श्वास थांबला.

ती उठली. डावीकडून. आमच्यात उठतात तशी, सरळ, न बोलता, न बघता.

आणि मी उजवीकडून आडवी झाले. तिच्याकडे बघितलं नाही. सवयच तशी आहे.

गादी गरम होती.

डोळे मिटले.

अशी झोप! काय सांगू तुम्हाला. लहानपणी सुट्टीच्या पहिल्या दिवशी लागायची तशी. ना स्वप्न, ना कूस बदलणं. जाग आली तेव्हा अंग कापसाचं झालं होतं. खाली पोरं शाळेला चालली होती, त्यांचा गलका येत होता.

शाळेला?

मी ताडकन उठले. सकाळ होती. शनिवारची. माझी पाळी बुडाली होती, परीक्षा बुडाली होती, खुर्ची गेली होती. मी चिमणीला फोन लावला.

"चिमणे, साहेब काय म्हणाले गं? मी सांगते त्यांना काय झालं ते, मला—"

"काय म्हणणार? तोंडात बोट!" चिमणी चिवचिवली. "सगळ्या काढल्यास की. एक सोडली नाहीस. पण बाई, तू अशी काय वागलीस? मी खांद्यावर हात ठेवतेय, ठेवतेय, तू उठेचनास. शेवटी साहेबच म्हणाले, बसू दे तिला. अख्खी पाळी बसलीस! डोळे दुखत नाहीत का?"

"चिमणे, मी घरी होते."

"हो, मग? आत्ताच तर बसमधून उतरलीस. इतक्यात पोचलीस पण?"

मी फोन धरून दारापर्यंत गेले. दाराशी माझे कारखान्याचे बूट होते. मी बूट भिरकावते, एक इकडे, एक तिकडे. हे जोडीने ठेवले होते, तळव्याला काचेची पूड.

खांद्यावर हात ठेवणारी जागा घेते, हे मला ठाऊक होतं. उठणारी कुठे जाते, याचा विचार मी केला नव्हता. कारखान्यात ती चहा प्यायला जाते.

तेव्हापासून हे रोज चाललंय. संध्याकाळी पाळीची वेळ झाली की मला झोप येते. साधी नाही, उभ्या उभ्या पाडणारी. आता मी झोपबाईचे सगळे नियम उलटे करते. पडदे काढून टाकले. काळी कॉफी पिते, तोंडावर गार पाणी मारते, रेडिओ इतका मोठ्याने लावते की मास्तर भिंत ठोकतात. तरी डोळे मिटतात. उघडतात ते सकाळी. दुपारी कारखान्यात गेले, तर रखवालदार म्हणाला, "बाई, सकाळीच तर गेलात. घरी जाऊन झोपा जरा." एका संध्याकाळी धाकटीकडे जाऊन बसले, तिला म्हटलं मला धरून ठेव. जाग आली ती माझ्याच पलंगावर. धाकटी म्हणाली, "असं काय करतेस? कामाला जायचंय म्हणून तूच तर हात सोडवून गेलीस."

आणि सगळे खूश आहेत, हे आणखी. साहेब खूश, खांदेपालटही लागत नाही म्हणून. झोपबाई खूश, माझं उदाहरण ती बाकीच्यांना देते. धाकटी म्हणते, "ताई, झोप लागतेय, नोकरी राहिली, चेहरा बघ किती तजेलदार झालाय. आता तरी कुरकुर सोड." माझ्या चेहऱ्याचं मला काय करायचंय? ती खुर्ची माझी आहे. त्या बाटल्या मी बघायच्या आहेत, माझ्या डोळ्यांनी, जागेपणी. मी झोप मागितली होती, सुट्टी नाही.

मी हार मानणाऱ्यातली नाही. इतके दिवस आडाखे बांधले आणि एक गोष्ट लक्षात आली. कारखान्याच्या बुटांशिवाय गेटच्या आत कुणाला सोडत नाहीत. साहेबांनासुद्धा नाही. आणि बूट एकच जोड आहे.

म्हणून आज मी बूट घालूनच बसले आहे. ऊन उतरायला लागलंय, पापण्या जड होतायत. झोपले तर झोपले. पण तिला जायचं असेल तर माझ्या पायांसकट जावं लागेल. डाव्या बुटाची नाडी बांधली, गाठीवर गाठ. मग उजव्याची घेतली. पहिली गाठ मारली, दुसरी मारायला नाडी ओढली, आणि मधेच पहिली सैल पडू नये म्हणून तिच्यावर एक बोट येऊन टेकलं. हलकेच, मदतीला.

माझे दोन्ही हात नाडीच्या टोकांवर होते.

मी मान वर केली नाही. सगळी ताकद लावून नाडी ओढली, बोट आत असतानाच. आता आम्ही दोघी पाळीची वेळ व्हायची वाट बघतोय.